पलटण म्हणजे नक्की किती माणसं?

खानापूरचा_बाळू
मंडळी, नमस्कार. जरा अडलोय.

आमच्या गावात माजी सैनिकांचं सभागृह बांधून झालंय. उद्घाटनाला स्मरणिका काढायची ठरली. गाव लहान, पण घरटी एक माणूस मिलिटरीत गेलेला. मी बेळगावच्या शहापुरात डीटीपीचं काम करतो, त्यामुळं ती आपोआप माझ्या गळ्यात पडली. लोकांनी दिलेला मजकूर अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी, बाकीचा मिलिटरी हिंदीत. कमिटीतल्या गुरुजींनी फर्मान काढलं, सगळं शुद्ध मराठीत पाहिजे. आमच्या ऑपरेटर मुलीनं मग फाइंड-रिप्लेस मारलं. बटालियन होतं तिथं पलटण. प्लाटून होतं तिथं पलटण. रेजिमेंट होतं तिथंसुद्धा पलटण.

आता एका सुभेदारसाहेबांच्या परिचयात छापून आलंय, "मराठा पलटणीच्या पलटणीत असताना त्यांनी आपल्या पलटणीचे नेतृत्व केले." साहेब बघून म्हणाले, "हे माझं आहे का कुणाचं?"

तर प्रश्न असा : पलटण म्हणजे नक्की काय? किती माणसं? आणि प्लाटूनला मराठीत काय म्हणायचं?

माझी पणजी मरेपर्यंत म्हणायची, "आमचं माणूस पलटणीत हाय." पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले ते आलेच नाहीत. तिच्या लेखी पलटण म्हणजे एक गाव असावं, जिथं माणूस जातो आणि राहतो. तेवढ्यावर स्मरणिका निघत नाही, म्हणून इथं विचारतोय.

पेठेतला_पाहुणा
यात धागा काढण्यासारखं काय आहे? प्लाटून म्हणजेच पलटण. उच्चार बघा की. इंग्रजी शब्द आपल्या लोकांनी मराठी तोंडानं म्हटला, झालं.

शब्दकिडा
पाहुणे, थांबा जरा. दिसतं तेवढं सरळ नाही.

प्लाटून आलं फ्रेंचमधून. 'पेलोत' म्हणजे चेंडू, सुताचा गुंडा. त्याचं लहान रूप 'पेलोताँ', म्हणजे माणसांचा छोटासा पुंजका. सायकल शर्यतीत जो घोळका एकत्र पळतो त्याला आजही तोच शब्द आहे. बटालियन आलं इटालियनमधून, लढाईला तिकडे 'बात्ताल्या' म्हणतात त्यावरून. एक शब्द गुंड्यातून निघाला, एक लढाईतून.

पलटण कुठून आली? १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात ती बटालियनचा अपभ्रंश म्हणून दिली आहे, आणि प्लाटूनची भेसळ झालेली असू शकते अशी पुस्तीही जोडली आहे. मला ही पुस्ती महत्त्वाची वाटते. कानाला लागते प्लाटून, अर्थ आहे बटालियनचा. बाळूच्या ऑपरेटरनं जे केलं ते दोनशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी तोंडानं करून ठेवलंय.

पेन्शनर_आबा
नमस्कार. मी २४ वर्षं पायदळात काढली. टायपिंग हळू हाय, सांभाळून घ्या.

पुण्याच्या पाहुण्यांनो, फौजेत कुणी विचारलं "कौनसी पलटन?" तर कुणीही प्लाटून नंबर सांगत न्हाई. सांगितलं तर शेजारचा हसतो. पलटण म्हंजे बटालियन. आता हिशोब घ्या. दहा जणांचं सेक्शन. तीन सेक्शनचं प्लाटून, म्हंजे तीस-पस्तीस माणूस. तीन प्लाटूनची कंपनी, सव्वाशेच्या आतबाहेर. अशा चार रायफल कंपन्या आणि वर सपोर्ट, हेडक्वार्टर मिळून बटालियन, धरा आठशे. तीच पलटण. तिचा धनी कर्नलसाहेब. प्लाटूनला एखादा जेसीओ, म्हंजे सुभेदार दर्जाचा हुद्देदार, न्हाई तर नवा कोरा लेफ्टनंट.

प्लाटूनला आम्ही प्लाटूनच म्हणायचो. शुद्ध मराठी करायला बसलात तर पोरगं जखमी होऊन पडलेलं असताना तुम्ही शब्द शोधत बसाल.

टिळकवाडीची_ताई
आबा, मग आमच्या घरी दर मे महिन्यात येते ती काय असते? नणंदेची दोन, दिरांची तीन, माझी दोन, आणि शेजारची न बोलावता येतात ती. सासूबाई दारातूनच ओरडतात, "आली बघ पलटण, तांदूळ वाढव."

पेन्शनर_आबा
ताई, ते सेक्शन झालं. पण आवाज पलटणीचा, त्यामुळं चालतंय.

पेठेतला_पाहुणा
बरं, हरलो. पण मग कबड्डीची पुणेरी पलटण? सात खेळाडू मैदानात, चार-पाच बाकावर. आबांच्या हिशोबानं सव्वा सेक्शन.

आणि फलटणचं काय? तिथं किती माणसं?

कॅम्पातला_कट्टेकरी
फलटणचा विनोद येणार हे मला शीर्षक वाचूनच माहीत होतं. पैज लावली असती तर कुंद्याचा डबा जिंकलो असतो.

माझं लहानपण कॅम्पात गेलं. बाकीच्या बेळगावात लोक कोंबड्यानं उठतात, आम्ही बिगुलानं उठायचो. मिलिटरी महादेवाच्या देवळात जाताना वाटेत रंगरूट पळताना दिसायचे, खांद्यावर पिठ्ठू आणि मागं एक उस्ताद हिंदीत ओरडणारा. पुढं कळलं की हे रंगरूट म्हणजे 'रिक्रूट'. आम्हाला वाटायचं रंगाशी काहीतरी संबंध असेल, कारण पोरं पहिल्या महिन्यात उन्हानं काळी ठिक्कर पडायची.

'हुकुमदार' पण तसंच. रात्री पहारेकरी दरडावायचा, "थम! हुकुमदार!" मला वाटायचं कुणी मोठा हुद्देदार येतोय. ते 'हू कम्स देअर' निघालं. कोण येतंय असं विचारणारा शब्द आपण हुद्दा करून टाकला. पलटणीचं नवल काय घेऊन बसलात.

हुक्केरीकर
आमच्या बाजूचं सांगतो. मी घरात मराठी, बाजारात कन्नड, ऑफिसात दोन्हीची भेळ.

कन्नडमध्ये 'पटालम्' आहे. दक्षिणेत पलटणीचं रूप हेच, तमिळमध्येही 'पट्टाळम्'. पण आमच्याकडं आज त्याचा अर्थ खऱ्या सैन्यापेक्षा चमच्यांचा घोळका असा जास्त. पुढारी आला की म्हणतात, 'पटालम् कट्टिकोंडु बंद', म्हणजे आपली टोळी बांधून आला. 'बांधून' हे क्रियापद बघा, पुढारी टोळी गाठोड्यासारखी बांधून आणतो. खऱ्या सैन्याला जुना कन्नड शब्द 'दंडु'. बेंगळुरू कँटोन्मेंट स्टेशनचं कन्नड नाव 'बेंगळूरु दंडु' आहे, पाटीवर वाचलं असेल.

निवडणुकीत एकाच गल्लीतून सकाळी एकाचा पटालम् जातो आणि दुपारी दुसऱ्याची पलटण. माणसं तीच असतात.

बेंगळुरात_अडकलेला
हुक्केरीकर, वाचलंय म्हणजे काय, रोज उतरतो मी तिथं.

अवांतर : मी इथं नवीन आलो तेव्हा 'मिलिटरी हॉटेल' अशी पाटी बघितली. वाटलं जवानांसाठी असणार, ओळखपत्र मागतील. तीन आठवडे बाहेरूनच वास घेतला. मग ऑफिसातल्या एकानं हात धरून नेलं. या बाजूला मिलिटरी हॉटेल म्हणजे साधी मांसाहारी खानावळ! खिमा, पाया, वर रागीचा मुद्दा. आपल्याकडं त्याला नुसतं खानावळ म्हणतात आणि पाटीवर 'शाकाहारी नाही' हे न लिहिताच सगळ्यांना कळतं.

टिळकवाडीची_ताई
रागीचा मुद्दा म्हणू नका, मुद्दे. मुद्दा इथं पेठेतले पाहुणे मांडतात.

निपाणीची_सून
मी फार लिहीत नाही इथं, पण पलटण म्हटल्यावर राहवलं नाही.

लग्न झालं तेव्हा मिस्टर कुठं आहेत हे मला माहीतच नसायचं. पत्ता काय, तर नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, युनिट आणि खाली '५६ एपीओ', म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. बस. डोंगरात आहेत का वाळवंटात, त्या पत्त्यावरून कळायची सोय नाही. आमच्या सासऱ्यांना कुणी विचारलं, पोरगा कुठं असतो, तर ते गावाचं नाव सांगत नसत. "पलटणीबरोबर आहे," एवढंच. बाळूची पणजी म्हणायची ते मला शब्दाशब्दाला समजलं. ते खरंच गावच असतं, फक्त हलतं गाव. पलटण जिथं जाईल तिथं लंगर, तिथंच देऊळ, तिथंच भांडणं.

पुढं फॅमिली क्वार्टर मिळालं तेव्हा मी पण पलटणीत गेले. पहिल्याच दिवशी शेजारच्या साताऱ्याच्या वहिनींनी विचारलं, "आपल्या पलटणीत नव्या ना?" आपल्या! मी चुलीला अजून हात लावला नव्हता आणि पलटण माझी झाली होती. कंपनी बदलते, प्लाटून बदलतं, साहेब तर दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. पलटण तीच राहते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण लग्नपत्रिका येतात त्या पलटणीतल्या लोकांच्या.

माणसं किती ते आबा म्हणतात तेच असेल. मी कधी मोजली नाहीत.

शब्दकिडा
वहिनी, सुंदर लिहिलंत.

आता मला आबांना थोडं छेडायचंय, आदर ठेवून. आबा म्हणतात पलटण म्हणजे बटालियनच. पण जुन्या इंग्रजी लिखाणात पलटणीचा अर्थ सर्रास 'रेजिमेंट' असा सापडतो. १८५७ मध्ये कोल्हापुरात ३१ जुलैला जी उठली ती २७ वी मुंबई नेटिव्ह इन्फंट्री, आपण तिला २७ वी पलटण म्हणतो, इंग्रज तिला रेजिमेंट म्हणत. मग बाळूच्या ऑपरेटरनं रेजिमेंटचं पलटण केलं ते अगदीच चूक कसं?

पेन्शनर_आबा
किडेसाहेब, चूकच हाय. मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट. तिच्या कितीतरी पलटणी. रेजिमेंटचं सेंटर इथं बेळगावात हाय, पोरं इथं शिकतात, कसम परेड होते, आणि मग पलटणीत जातात. रेजिमेंटला पलटण म्हटलं तर मग पोरगं सेंटरमधनं कुठं जातंय? पलटणीतनं पलटणीत?

शब्दकिडा
पण मग जुने लोक चुकीचं लिहीत होते का?

पेन्शनर_आबा
त्यांचं त्यांना म्हायीत. मी पुस्तक वाचून न्हाई सांगूलालो, राहून सांगूलालो.

पेठेतला_पाहुणा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 🍿

टिळकवाडीची_ताई
पाहुणे, चुरमुरे घ्या. बेळगावचा धागा आहे.

सीमेवरचा_आवाज
मुळात सैन्यात सगळं हिंदीत, राज्यात सगळं कन्नडमध्ये, आणि आपण इथं पलटण शब्दावर भांडतोय. आधी गावाचं नाव बेळगाव की बेळगावी ते ठरवा.

संपादक
सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत, त्यातल्या एकावर बाराशे प्रतिसाद आहेत, तिथं जागा आहे. इथं पलटणीवर बोला. या प्रतिसादाखालचे चार उपप्रतिसाद उडवले आहेत.

कॅम्पातला_कट्टेकरी
संपादकांचा कंपू झालाय इथं. 😄

शब्दकिडा
कट्टेकरी, नकळत मुद्द्यावर आलात! कंपू हाही फौजेतलाच शब्द आहे.

पोर्तुगीज 'कांपो' म्हणजे मैदान, तळ. महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर द बॉइन या अधिकाऱ्याच्या हाताखाली युरोपियन पद्धतीची कवायती फौज उभी केली. तिच्यातल्या तोफखान्यासह असणाऱ्या ब्रिगेडींना 'कंपू' म्हणत आणि त्या कंपूत असत पलटणी. म्हणजे एके काळी कंपू पलटणीपेक्षा मोठा होता. आज संकेतस्थळावर तीन जणांनी एकमेकांना वाहवा दिली की कंपू होतो. इतकी पडझड दुसऱ्या कुठल्या शब्दाची झाली नसेल.

हुक्केरीकर
झालीय की. जमादार घ्या. फौजेत तो सन्मानाचा हुद्दा, १९६५ मध्ये त्याचं नायब सुभेदार झालं. आणि बाहेर जमादार कुणाला म्हणतात? शिपाई घ्या. पूर्वी तलवार घेऊन उभा असायचा, आता साहेबाचा चहा घेऊन.

गारदी तर विचारूच नका. मूळ फ्रेंच 'गार्द', पहारेकरी. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यापासून गारदी शब्द ऐकला की मारेकरीच डोळ्यापुढं येतो. एका रात्रीत पहारेकऱ्याचा मारेकरी.

त्या मानानं पलटणीनं अब्रू राखली.

बेंगळुरात_अडकलेला
गुवाहाटीत आणि डेहराडूनला पलटण बाजार आहे. ढाक्यात पुराना पलटन नावाचा भाग आहे. जिथं जिथं ईस्ट इंडिया कंपनीची फौज बसली तिथं तिथं हा शब्द मागं राहिला. आपल्या बेळगावात मात्र राहिला तो 'कॅम्प'. पुण्यात 'लष्कर' राहिलं. का असं?

पेठेतला_पाहुणा
कारण पुण्यात फारसीचा अभ्यास होता.

कॅम्पातला_कट्टेकरी
कारण पुण्यात मत सगळ्यालाच असतं.

जुने_कागद
बऱ्याच दिवसांनी आलो. शब्दकिडा आणि आबा, तुमचं भांडण मिटवतो. दोघंही बरोबर आहात. मधे १९२२ साल आडवं आलंय.

आधी थोडं मागं. १९०३ मध्ये सरसेनापती किचनरनं हिंदी सैन्याच्या रेजिमेंटींचे आकडे नव्यानं लावले. मुंबई इलाख्याच्या पायदळाच्या आकड्यात शंभर मिळवले. ३ ची झाली १०३, ५ ची १०५, १० ची ११०, १७ ची ११७. म्हणून १०५ व्या पलटणीला लोक 'काळी पाचवी'च म्हणत राहिले. कागदावर शंभर चढले, तोंडातला पाच गेला नाही.

आता मुख्य गोष्ट. या काळात हिंदी पायदळाच्या बहुतेक रेजिमेंटींना एकच बटालियन असायची. १०३ मराठा म्हणजे एक रेजिमेंट, एक बटालियन, एक पलटण. तिन्ही शब्द एकाच आठशे माणसांवर बसत. इंग्रज साहेब तिला रेजिमेंट लिहायचा, शिपाई पलटण म्हणायचा, भांडण नव्हतं.

१९२२ मध्ये या सुट्या रेजिमेंटी एकत्र बांधल्या. मराठ्यांच्या सहा पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ झाली तिची पहिली बटालियन, हीच जंगी पलटण, १७६८ पासूनची. १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी. ११४ ही दहावी, म्हणजे ट्रेनिंग बटालियन झाली आणि ती बेळगावात बसली. आपलं आजचं सेंटर त्या धाग्यातलं.

तर १९२२ ला रेजिमेंट शब्द एक जिना वर चढला. पलटण होती तिथंच राहिली, माणसांजवळ. शब्दकिडा जुने कागद वाचतात म्हणून त्यांना पलटण म्हणजे रेजिमेंट दिसते. आबा नंतरच्या फौजेत राहिले म्हणून त्यांना बटालियन.

पेन्शनर_आबा
हे पटलं. किडेसाहेब, चहा माझ्याकडं लागू.

शब्दकिडा
आबा, चहा मीच पाजतो. जुने_कागद यांना दंडवत.

निपाणीची_सून
"पलटण होती तिथंच राहिली, माणसांजवळ." हे मिस्टरांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण परत एकदा वाच म्हणाले.

खानापूरचा_बाळू
सगळ्यांचे आभार. दोन दिवस प्रेसवर होतो, आत्ता सगळं वाचलं. डोक्यात उजेड पडला आणि पोटात गोळा पण आला.

जुने_कागद, तुमचा प्रतिसाद वाचून पणजोबांचं पान उघडलं. कमिटीनं लिहून दिलंय, "मराठा लाइट इन्फंट्रीच्या ११० व्या बटालियनमध्ये भरती. कूट येथे मृत्यू." आमच्या घरात एक पितळी मेडल आहे, त्याच्या कडेला नाव आणि ११० कोरलंय. त्यावरूनच हे लिहिलं. पण तुमच्या हिशोबानं मराठा रेजिमेंटला ११० वी बटालियन कधी नव्हतीच ना? मग हे काय लिहायचं?

जुने_कागद
बरोबर ओळखलंत. '११० वी बटालियन' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल एका रेजिमेंटला एकशेदहा बटालियनी होत्या. त्यांची पलटण होती ११० वी मराठा लाइट इन्फंट्री, आपल्या पायावर उभी. 'च्या' आणि 'मध्ये' काढून टाका.

कूटचं थोडक्यात सांगतो, स्मरणिकेला उपयोगी पडेल. कूट अल अमारा हे तिग्रीस नदीच्या वळणावरचं गाव, आजच्या इराकात. जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन, जिला पुणे डिव्हिजन म्हणत, डिसेंबर १९१५ पासून तिथं वेढ्यात अडकली. आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपलं, घोडी आणि खेचरं कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात पुष्कळ गेले. तुमचे पणजोबा वेढ्यात गेले की त्या वाटेवर, हे मेडलवरून कळणार नाही. त्यामुळं 'कूट येथे मृत्यू' असं ठाम लिहू नका, 'कूटच्या वेढ्यात होते, परत आले नाहीत' एवढंच लिहा.

आणि एक. पणजोबांची पलटण आज मराठा रेजिमेंटमध्ये नाही.

खानापूरचा_बाळू
म्हणजे? मोडली?

जुने_कागद
मोडली नाही, विमानात बसली. ११० ची १९२२ मध्ये झाली ३/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठ्यांची तिसरी बटालियन. दुसऱ्या महायुद्धात ती इटलीत होती. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच पलटणीचे. पुढं ती छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिची दुसरी बटालियन बनली, २ पॅरा (मराठा). बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला जी पलटण आभाळातून उतरली, ती हीच.

म्हणजे रेजिमेंट बदलली, टोपी बदलली, आकडा तीनदा बदलला. पलटण तीच.

टिळकवाडीची_ताई
अंगावर काटा आला वाचताना.

पेठेतला_पाहुणा
मी या धाग्यावर पहिला चुकीचा प्रतिसाद दिला त्याचा मला आता अभिमान वाटायला लागलाय. मी चुकलो नसतो तर एवढं सगळं निघालं असतं का?

कॅम्पातला_कट्टेकरी
पुणेकर चुकल्याचंही श्रेय घेतो ते असं.

खानापूरचा_बाळू
आईला सांगितलं. तिनं पणजीला बघितलं होतं, लहानपणी. ती म्हणाली, पणजी सणाला एक पान जास्तीचं वाढायची, पलटणीतल्या माणसाचं. आईला वाटायचं पलटण म्हणजे पितरांचं दुसरं नाव.

तर निर्णय असा केलाय. प्लाटून, कंपनी, सेक्शन जसेच्या तसे, आबांच्या शब्दाबाहेर नाही. रेजिमेंट ती रेजिमेंटच. बटालियन जिथं सरकारी माहिती म्हणून येते तिथं बटालियन. आणि जिथं माणूस स्वतः बोलतोय, आठवण सांगतोय, तिथं पलटण. गुरुजी कुरकुरले, एकाच गोष्टीला दोन शब्द कसे. मी म्हटलं, गुरुजी, तुमच्या घरच्यांनाही तुम्ही बाहेर 'सौभाग्यवती' म्हणता आणि घरात 'अगं'. मग गप्प बसले.

पणजोबांच्या फोटोची जागा रिकामीच आहे, फोटो कधी निघालाच नाही. तिथं मेडलचा फोटो टाकतोय. खाली एकच ओळ : "११० वी मराठा पलटण. कूटच्या वेढ्यात होते. परत आले नाहीत."

सुभेदारसाहेबांचं वाक्य पण सुधारलं : "मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीत असताना त्यांनी आपल्या प्लाटूनचे नेतृत्व केले." साहेबांनी वाचलं, म्हणाले, "आता माझं वाटतंय."

आमची ऑपरेटर विचारते, उलटं फाइंड-रिप्लेस मारू का? तिला म्हटलं, माउसला हात लावू नको. एकेक जागा वाचून, ठरवून बदलायची. मोजल्या, ८४ भरल्या.

पेन्शनर_आबा
८४ म्हंजे अजून कंपनी पण पुरी न्हाई, घाबरतोस काय. शनिवारी बाजाराला शहापुरात येणार हाय. प्रूफ काढून ठेव, चष्मा मी आणतो.